वेटोळ्याची उमेदवारी

२०१६ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ८ तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक विलक्षण फर्मान अमलात आले. त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने ई-सिगारेट नामक उपकरणास तंबाखूच्या जिनसांत जमा करून जे नियम जारी केले, त्यांचा एक अर्थ असा निघत होता की, जो दुकानदार गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी त्या उपकरणातील तारेचे वेटोळे स्वतःच्या हाताने वळून बसवून देईल, तो यापुढे केवळ विक्रेता न राहता उत्पादक मानला जाईल, आणि मोठमोठ्या सिगारेट कंपन्यांवर नोंदणीची, घटकांच्या यादीची व पूर्वपरवानगीची जी जबाबदारी असते तीच त्याच्याही माथी येईल. अर्ध्या वितीहून कमी लांबीची बारीक तार आणि तीन मिलिमीटर जाडीच्या सळईभोवती तिला दिलेले सहासात वेढे, एवढ्याच कृत्याला सरकारदरबारी ‘उत्पादन’ ही पदवी मिळाली.

ज्या कसबाचा हा गौरव किंवा ही गळचेपी झाली, त्याचा उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास हे तिन्ही उण्यापुऱ्या दहा वर्षांच्या अवधीत घडून गेले. तांबटाच्या किंवा साळ्याच्या धंद्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास शतकांच्या थरांतून वाट काढावी लागते. येथे मात्र प्रारंभी चाचपडणारे आणि अखेरीस कंटाळून दूर झालेले लोक बहुधा तेच होते. हातांचे एखादे कौशल्य शून्यातून कसे उभे राहते, त्याचे दंडक कोण घालून देतो, नवशिक्याला उमेदवारी कोठे करावी लागते आणि कारखाना व कायदा यांच्या कैचीत सापडून ते कसे नाहीसे होते, हा सारा व्यवहार इतक्या आटोपशीर मुदतीत पाहावयास मिळणे दुर्मीळ असते. ज्या व्यसनाच्या सेवेसाठी हे कसब राबले त्या व्यसनाविषयी मला लवमात्र आदर नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

उपकरणाची घडण मुळात साधी आहे. विजेचा घट, त्याला जोडलेली एक छोटी तार, तारेच्या पोटात किंवा तिच्याभोवती एक वात, आणि वातीला पाजलेला द्रव. हा द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे मिश्रण, त्यात सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटिन. कळ दाबली की तार तापते, वातीतल्या द्रवाची वाफ होते आणि ओढणारा ती छातीत घेतो. तार व वात जिच्यात असते त्या कुपीला ‘ॲटोमायझर’ म्हणतात. कारखान्यातून आलेली कुपी बंद असते, तार जळाली की ती फेकून द्यावयाची. उलट जिचे तार अडकविण्याचे खुंट उघडे असून जिच्यात वापरणाऱ्याने आपली तार आपण वळावी, आपली वात आपण भरावी अशी योजना असते, ती पुनर्रचनाक्षम कुपी. आपली कथा या दुसऱ्या प्रकाराची आहे.

परंतु तारेची वंशावळ कुपीहून फार जुनी. एर्लांगेन गावच्या एका कुलूप करणाऱ्या कारागिराचा मुलगा गेऑर्ग सिमोन ओहम हा कोलोन येथील जेझुइट विद्यालयात शिक्षक असता, वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून तिचे मापन करीत होता. बापाच्या हाताखाली धातुकाम शिकल्यामुळे त्याला आपली साधने स्वतःच घडविता येत. विजेचा दाब, धारा आणि तारेचा रोध यांचे परस्पर नाते सांगणारा त्याचा ग्रंथ १८२७ साली बर्लिनमध्ये निघाला, तेव्हा त्याच्या देशातील पंडितांनी त्याची उपेक्षा केली आणि ओहमने नोकरीचा राजीनामा दिला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ साली. त्याच सुमारास इंग्लंडात सॅलफर्डच्या मद्यभट्टीवाल्याचा मुलगा जेम्स प्रेस्कॉट जूल याने तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखवून दिले. कुपीत तार वळणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला पुढे जे दोन नियम जिभेवर खेळवावे लागले, ते हेच.

नियम सापडले, पण नियमाबरहुकूम तापणारी आणि तापूनही टिकणारी तार सापडण्यास आणखी साठपासष्ट वर्षे लागली. लोखंडाची तार लाल झाली की हवेतील प्राणवायू तिला खाऊन टाकी. प्लॅटिनम टिके, पण ते सरदार घराण्यांनाच परवडावे अशा किमतीचे. आल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुविदाने निकेलचे ८० व क्रोमियमचे २० भाग एकत्र करून जे संमिश्र बनविले आणि ज्याचे पेटंट त्याला १९०६ साली मिळाले, ते नायक्रोम. तापल्यावर त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचे घट्ट कवच धरते आणि आतला धातू सुरक्षित राहतो. तीनच वर्षांनी, १९०९ साली, जनरल इलेक्ट्रिकचा पाव भाजण्याचा यंत्र-तवा बाजारात आला तो या तारेच्या बळावर. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्झो याने लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचे निराळे संमिश्र सिद्ध केले, आणि हाल्स्टाहामार या गावी १९३१ साली ‘कांथाल’ नावाची कंपनी स्थापन झाली. या तारेवर ॲल्युमिनाची साय धरते, म्हणून ती नायक्रोमहूनही अधिक ताप सोसते; तिची वरची जात १४०० अंश सेल्सियसपर्यंतच्या भट्ट्यांतून वापरली जाते.

मराठी घरांना या तारेची ओळख नाही असे कोणी समजू नये. विजेची शेगडी ज्यांनी वापरली आहे त्यांना चिनी मातीच्या खोबणीतून नागमोडी गेलेली ती सळसळती तार आठवत असेल. ती तुटली की घरातला कर्ता पुरुष दोन्ही टोकांना पीळ देऊन ती पुन्हा जोडी, शेगडी पूर्वीपेक्षा जास्त लाल होई, आणि थोड्याच दिवसांत तार दुसरीकडे तुटे. तारेची लांबी घटली म्हणजे रोध घटतो, रोध घटला म्हणजे धारा वाढते, आणि धारा वाढली म्हणजे उष्णता बेसुमार होते, हे ओहम व जूल यांचे शास्त्र वसतिगृहांतील चोरट्या शेगड्यांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना, नाव न सांगता, शिकविले. गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापणारी तापलेली तारही याच कुळातली.

तंबाखू न जाळता तिचा आभास देणाऱ्या यंत्राची कल्पनाही वाटते तेवढी अलीकडची नव्हे. जोसेफ रॉबिन्सन नावाच्या अमेरिकनास विजेवर तापणाऱ्या वाफयंत्राचे पेटंट १९३० साली मिळाले होते. पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे भंगाराचा व्यापार करणाऱ्या हर्बर्ट गिल्बर्ट याने ‘धूरविरहित, तंबाखूविरहित सिगारेट’ची तजवीज करून १९६३ साली अर्ज केला आणि १९६५ साली त्याला पेटंट दिले गेले, कारखानदार मात्र पुढे आला नाही. ती गोष्ट सिद्धीस नेली चीनमधील शेनयांगचा औषधशास्त्रज्ञ होन लिक याने. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले आणि तो स्वतः कडक धूम्रपान करणारा होता. २००३ साली त्याने जे उपकरण सिद्ध केले त्यात द्रवाचे तुषार करण्याचे काम तापलेल्या तारेकडे नव्हे, तर विजेने कंप पावून ध्वनितरंग निर्माण करणाऱ्या स्फटिकाकडे होते. तार आली ती नंतर. आणि ती आली ती स्वस्त व सोपी म्हणून.

पुढील तीनचार वर्षांत ही उपकरणे चीनमधून युरोप-अमेरिकेत पोहोचली आणि तेथील गिऱ्हाइकांचा अपेक्षाभंग झाला. घट इवलासा, वाफ विरळ, आणि कुपी काही दिवसांतच जळकट चव देऊ लागे. ज्या माणसाने वीस वर्षांची सिगारेट सोडण्याच्या ईर्ष्येने हे यंत्र हाती धरले होते, त्याच्यापुढे दोनच मार्ग होते: पुन्हा सिगारेटकडे जाणे, अथवा यंत्र उघडून पाहणे. अनेकांनी ते उघडले. २००८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये विजेरीच्या नळीत मोठा घट बसवून केलेली उपकरणे दिसू लागली. इतरांनी जळालेल्या कुपीतील तार सुईने उपसून तेथे नवी तार गुंडाळण्याचा उद्योग आरंभिला. हे लोक ना विद्युत्-अभियंते होते, ना सोनार. त्यांत ट्रकचालक होते, हिशेबनीस होते, निवृत्त सैनिक होते. कसबाची मुळे अशी गरजेत रुजलेली असतात तेव्हा ती लवकर खोल जातात, आणि येथेही तसेच झाले.

उघड्या खुंटांच्या कुप्या २०१० नंतरच्या एकदोन वर्षांत हौशी यंत्रकारांच्या लेथवर आकार घेऊ लागल्या. यातील पहिला मोठा संप्रदाय ‘जेनेसिस’ पद्धतीचा. खाली द्रवाची टाकी, वर चबुतरा, चबुतऱ्याच्या छिद्रातून टाकीत उतरलेली वात, आणि ही वात कापसाची नव्हे, तर चक्क पोलादाची. इंचाला ४०० किंवा ५०० तारा असलेली स्टेनलेस पोलादाची तलम जाळी कापून तिची सुरळी करावयाची, ज्योतीवर ती वारंवार लाल करून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवावयाचा, आणि मग त्या सुरळीभोवती तारेचे चारपाच वेढे द्यावयाचे. पोलाद विजेचा वाहक आहे. जेथे थर अपुरा राहिला तेथे धारा तार सोडून जाळीत शिरे, एखादाच वेढा पांढराफटक तापे आणि बाकीचे थंड पडून राहत. नवशिक्याच्या पहिल्या दहा प्रयत्नांचे फळ बहुधा हा ‘तप्तबिंदू’ असे. सुईच्या टोकाने वेढे अणुमात्र सरकवीत, कळ हलकेच दाबीत, सर्व वेढे एकाच वेळी तांबूस होईपर्यंत बसून राहण्याची ती साधना होती, आणि तिच्यात ज्यांचा धीर सुटला त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

ग्रीसमधील यंत्रकारांचा या काळावर विशेष ठसा आहे. ‘ओडिसियस’, ‘इथाका’, ‘पेनेलोपी’ अशी होमरच्या काव्यातील नावे धारण केलेल्या त्यांच्या कुप्या संग्राहकांत मानाच्या मानल्या जात, आणि ‘नेमेसिस’ नावाची घट ठेवण्याची त्यांची पितळी-पोलादी नळीही तशीच प्रसिद्ध. जर्मनीत ‘कायफुन’ ही कुपी निघाली. तिच्यात वेटोळे एका धुराड्याखालच्या कोंदट कक्षात बसे आणि भोवतालच्या टाकीतील द्रव, ओढणाऱ्याने निर्माण केलेल्या निर्वातामुळे, सूक्ष्म पाटांतून वातीपर्यंत येई. जेवढी वाफ गेली तेवढाच द्रव आत, अशी ती स्वयंचलित व्यवस्था होती. मला स्वतःला या सर्व रचनांत हीच सर्वांत बुद्धिमान वाटते. फिलिपाइन्समध्ये तांब्या-पितळेच्या नळ्या घडविणाऱ्यांची एक वेगळीच पेठ उभी राहिली. आणि या सर्वांच्या नकला, मूळ किमतीच्या काही अंशात, चीनमधील शेंझेनचे कारखाने पाहता पाहता बाजारात ओतू लागले. नकलेचा निषेध पुष्कळांनी केला. पण गरीब नवशिक्याची उमेदवारी जिच्यावर झाली ती कुपी बहुतेक वेळी नक्कलच होती, हे सत्य आहे.

आता त्या उमेदवारीकडे वळू. २०१३ च्या आगेमागे, जेव्हा पोलादी जाळी व काचतंतूंची दोरी मागे पडून कापूस रूढ झाला, तेव्हा या कसबाला जे स्थिर रूप आले तेच त्याचे अभिजात रूप म्हणता येईल. साहित्य मोजके: कांथालची रीळ, एक सळई किंवा ड्रिलचे बिट, बारीक पक्कड, तार तोडण्याची कात्री, चिनी मातीच्या टोकांचा चिमटा, स्क्रू पिळण्याचे पाते आणि रोध मोजण्याचे यंत्र. नवशिक्यास पहिला धडा मिळे तो तारेच्या जाडीचा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हा उलटा हिशेब पचनी पडण्यास वेळ लागे. २६ गेजची कांथाल सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीची. तीन मिलिमीटरच्या सळईवर तिचे सात वेढे घेतले आणि खुंटापर्यंतच्या दोन तंगड्या धरल्या तर रोध सुमारे एक ओहम भरतो. पूर्ण भारलेल्या लिथियम घटाचा दाब ४.२ व्होल्ट, म्हणजे धारा ४.२ अँपिअर आणि शक्ती साडेसतरा वॉटच्या आसपास. शाळेत ज्यांनी हे समीकरण परीक्षेपुरते घोकून सोडून दिले होते, त्या प्रौढ माणसांनी ते चाळिशीत पुन्हा हाती धरले आणि कागदाच्या कपट्यांवर भागाकार मांडले.

दुसरा धडा ताणाचा. तार सैल धरली की वेढे विस्कटतात, फार ओढली की सळईवरून निघता निघता पीळ सुटतो. अंगठ्याने तार दाबून धरीत, दुसऱ्या हाताने सळई फिरवीत, प्रत्येक वेढा मागच्यास चिकटून बसेल असा एकसारखा ताण राखणे हेच खरे हस्तलाघव. वेढ्यांची संख्याही सहजासहजी पूर्ण येत नाही, कारण दोन्ही तंगड्या कोणत्या बाजूस पडणार हे खुंटांच्या मांडणीवर अवलंबून असते. मग तंगड्या खुंटांत घालून स्क्रू पिळावयाचे: सैल राहिले तर रोध चंचल होतो, अति पिळले तर स्क्रू बारीक तार छाटून टाकतो. जादा टोके अगदी बुंध्याशी तोडावयाची. राहिलेले टोक कुपीच्या धातूच्या भिंतीस लागले की धारेला आडवाट मिळते आणि घट तापू लागतो. रोधमापक यंत्रावर आकडा पाहिल्याखेरीज कळ दाबावयाची नाही, हा या धंद्याचा पहिला दंडक होता, आणि जुनी माणसे तो नव्यांना सांगताना आवाज चढवीत.

त्यानंतरचा क्षण प्रत्येक नवशिक्याच्या आवडीचा. क्षणभर कळ दाबून सोडावयाची, पुन्हा दाबावयाची, आणि तारेला लाली कोठून चढते ते पाहावयाचे. ती मध्यापासून दोन्ही कडांकडे पसरली तर वेटोळे जमले. कडेच्या वेढ्यापासून चढली किंवा एखादी तंगडी आधी लाल झाली तर कोठेतरी वेढ्यांत फट आहे. तप्त असतानाच चिनी मातीच्या चिमट्याने वेढे एकमेकांवर दाबावयाचे, थंड होऊ द्यावयाचे, पुन्हा तापवावयाचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस तारेवर ऑक्साइडची करडी कांती येते, शेजारच्या वेढ्यांत आडवाट उरत नाही, आणि लाली मध्यातून निघू लागते. धातूच्या चिमट्याने हे करावयास जाणाऱ्याने कळ दाबलेली असेल तर काय होते, ते सांगण्यास शिक्षकाची गरज पडत नसे.

राहिली वात. निरंजनासाठी फुलवात वळणाऱ्या कोणत्याही आजीला जे हाताच्या स्पर्शाने कळते, ते या लोकांना मोठ्या कष्टाने शिकावे लागले: कापूस घट्ट वळला तर द्रव चढत नाही, सैल वळला तर तो नुसताच भिजून गळतो. प्रारंभी लोक औषधाच्या दुकानातील कापूस पाण्यात उकळून, वाळवून वापरीत. पुढे जपानी प्रसाधन-कापसाच्या विरंजन न केलेल्या घड्यांना मागणी आली. काहींनी केशकर्तनालयांत वापरला जाणारा रेयॉनचा पेळू आणून तो कापसाहून जलद द्रव वाहतो असा पक्ष मांडला, आणि या दोन पक्षांत काही काळ शैव-वैष्णवांचे वाद शोभावेत असे वाद माजले. वेटोळ्यातून ओढताना किंचित अडखळेल पण तारेचा आकार बिघडविणार नाही इतपत जाड पट्टी घ्यावयाची, शेपट्या कापून पाटांत नुसत्या टेकवावयाच्या, आणि प्रथम द्रवाने पूर्ण भिजवून मगच कळ दाबावयाची. कोरड्या वातीवर ओढलेला पहिला झुरका घशाला डाग दिल्यासारखा लागतो. ग्लिसरीन अशा रीतीने करपले की त्यातून ॲक्रोलीन व फॉर्माल्डिहाइड यांसारखी विषारी द्रव्ये निघतात, हे प्रयोगशाळांनी पुढे दाखविले. नवशिक्याच्या घशाला ते प्रयोगशाळेच्या आधीच कळलेले असे.

इथवर हे कसब संयमाचे होते. यापुढे त्याला चढाओढीची बाधा झाली. ज्या नळीत नियंत्रक मंडल नाही, घट आणि तार यांच्यामध्ये केवळ एक कळ आहे, अशा ‘यांत्रिक’ नळीवर जितका रोध कमी तितकी वाफ जास्त. म्हणून एक ओहमच्या खाली, मग अर्ध्या ओहमच्या खाली, मग दशांश ओहमपर्यंत लोक उतरत गेले. दशांश ओहम म्हणजे भागाकाराने ४२ अँपिअर, आणि १८ मिलिमीटर व्यासाच्या, ६५ मिलिमीटर उंचीच्या त्या सर्वपरिचित घटांपैकी बहुतेकांची सहनशक्ती याच्या जवळपासही नसते. २०१८ साली फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे आणि २०१९ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे अशा उपकरणांच्या स्फोटांत एकेक इसम दगावला. ओहमचा नियम ज्यांनी पाठ केला पण घटाची मर्यादा विचारली नाही, त्यांच्या हाती हे कसब सुरीच्या पात्यासारखे उलटे फिरू शके. वाफेचे मोठमोठे लोट काढण्याच्या ज्या स्पर्धा याच सुमारास भरू लागल्या, त्यांनी या कसबाची अब्रू घालविली असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच काळात तारेचा अलंकारही शिगेला पोहोचला. जाड तारेवर बारीक तार सलग गुंडाळावयाची, म्हणजे गिटारच्या खर्जाच्या तारेसारखा पोत येतो; त्यावरून या प्रकाराला प्रख्यात गिटारवादक एरिक क्लॅप्टन याचे नाव पडले. मग दोन किंवा तीन जाड तारांवर एकच आवरण, मग आवरणाची तार आधी नागमोडी करून तिची वेणी, असे एकावर एक प्रकार निघाले. तार ड्रिलयंत्राच्या जबड्यात धरून, दुसरे टोक मासेमारीच्या गिरकीला अडकवून, तासन्‌तास फिरवीत बसणारे कारागीर जन्माला आले आणि त्यांची वेटोळी नगावर विकली जाऊ लागली. पृष्ठभाग वाढला म्हणजे वाफ वाढते, ही उपयुक्ततेची सबब खरी होती. पण भिंगातून पाहिल्यास त्यातील काही नमुने इतके नेटके दिसतात की ते जाळण्यासाठी घडविले गेले याची हळहळ वाटावी. नवशिक्याला मात्र या वैभवाने दिपवून टाकले, आणि साधे सात वेढे नीट येण्याआधीच तो वेणी घालू लागला. सर्व कलांच्या उतरणीचे हे लक्षण आहे.

उतरणीची दुसरी वाट बुद्धीची होती. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या इव्हॉल्व या कंपनीने २०१४ साली ‘डीएनए ४०’ नावाचे नियंत्रक मंडल बाजारात आणले. कांथालचा रोध तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही, शुद्ध निकेलचा मात्र ठळकपणे वाढतो. तेव्हा निकेलची तार घालून तिचा वाढता रोध क्षणोक्षणी मोजला तर तार किती तापली हे कळू शकते आणि वात करपण्याआधी धारा रोखता येते. कल्पना निर्दोष होती. पुढे टायटॅनियम व स्टेनलेस पोलाद यांच्या ताराही या कामी आल्या. परंतु जो अंदाज डोळ्याने, कानाने आणि घशाने घ्यावयाचा असे तो मंडलाने घेण्यास प्रारंभ केल्याबरोबर उमेदवारीची निम्मी गरज संपली. उरलेली निम्मी कारखान्यांनी संपविली, कारण तोवर त्यांनी बाजारातील तयार वेटोळी इतकी सुधारली होती की, हाताने वळण्याचे कष्ट हौशीखेरीज कोणी का घ्यावेत याला उत्तर राहिले नाही. २०१५ साली अमेरिकेत ‘जूल’ हे चिमुकले, काहीच उघडावे न लागणारे उपकरण विक्रीस आले आणि शाळकरी मुलांच्या खिशात शिरले. जे कसब प्रौढांना सिगारेटपासून दूर नेत असल्याचे सांगितले जाई, त्याचा वारसा शेवटी ज्यांनी सिगारेट कधी ओढली नव्हती त्यांच्या हाती पडला, आणि तोही कसब वजा जाऊन. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने, जो २०१६ च्या मे महिन्यापासून लागू झाला, टाकीला दोन मिलिलिटरची आणि निकोटिनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकन नियमांचे वर सांगितलेच आहे.

आपल्या देशात हा अध्याय रुजण्याआधीच मिटविण्यात आला. तंबाखूवर राजाज्ञा निघणे येथे नवे नाही. अकबराच्या अखेरच्या काळात त्याचा दरबारी असद बेग याने विजापुराहून तंबाखू व रत्नजडित चिलीम नेऊन बादशहापुढे ठेवली तेव्हा दरबारच्या हकिमाने हरकत घेतली होती, आणि १६१७ साली जहांगिराने तंबाखूच्या मनाईचे फर्मान काढले. ते किती पाळले गेले हे आपल्या गावोगावच्या टपऱ्या सांगतातच. केंद्र सरकारने २०१९ सालच्या १८ सप्टेंबरला वटहुकूम काढून आणि डिसेंबरात त्याचा कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात या सर्वांस मज्जाव केला. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. बिडी, सिगारेट आणि तपकीर यांना मुभा ठेवून केवळ या नव्या यंत्रास बंदी करण्यात जी विसंगती आहे ती उघड आहे. तथापि शाळकरी मुलांच्या खिशाचा अमेरिकन अनुभव समोर असता सरकारने दार आधीच लावून घेतले, याला दोष देण्यास माझी लेखणी धजत नाही.

म्हणून ज्या वाचकास हे वर्णन वाचून तारेची ओढ लागली असेल, त्याला एवढेच सुचवावेसे वाटते की, मनाई कुपीला आहे, तारेला नाही. विजेचे सामान विकणाऱ्या पेठेत नायक्रोम मिळते. हातभर तार, एक मल्टिमीटर, दोन साधे विजेरीचे घट आणि एक खिळा एवढ्यावर वेढे मोजून, रोध वाचून, तार आखूड-लांब करून ओहमचे म्हणणे स्वतःच्या हाताने पडताळता येते. त्यासाठी वाफ लागत नाही, निकोटिन तर नाहीच. शाळांतील विज्ञानशिक्षकांनी ही उमेदवारी आपल्या विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावी.